संमतीचे राज्य आणि आपली तीन नगरे

४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फिया येथे जमलेल्या तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींनी स्वातंत्र्याचा जो जाहीरनामा मंजूर केला, त्यातील एक विचार असा होता की, तो मान्य झाल्यावर कोणत्याही सिंहासनाला पूर्वीसारखे निर्धास्त राहणे शक्य नव्हते. सरकारला न्याय्य अधिकार प्राप्त होतो तो वंशपरंपरेने नव्हे, तलवारीच्या बळावरही नव्हे, तर ज्यांच्यावर राज्य करावयाचे त्या लोकांच्या संमतीने, असा त्याचा आशय. या विचारामागे अकरा वर्षांचा कलह होता. १७६५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने वसाहतींतील दस्तऐवज, वृत्तपत्रे आणि पंचांगे यांवर मुद्रांक-कर बसविला, तेव्हा ज्या सभेत आमचा एकही प्रतिनिधी नाही तिला आमच्याकडून कर वसूल करण्याचा अधिकार कोठून आला, असा प्रश्न तेथील व्यापाऱ्यांनी, वकिलांनी आणि छापखानेवाल्यांनी विचारला, आणि त्याचे समाधानकारक उत्तर लंडनहून कधीच आले नाही.

हा इतिहास दूरच्या खंडातला खरा. परंतु त्या तेराही वसाहतींची लोकसंख्या त्या समयी सुमारे २५ लक्ष होती, आणि एकाच लोहमार्गावर लागून वसलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर या तीन नगरांची लोकसंख्या २०११ च्या खानेसुमारीतच नऊ लक्षांवर गेली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे नगराच्या कारभाराचा प्रश्न क्षुल्लक मानण्याचे धाडस कोणी करणार नाही.

या तत्त्वांशी महाराष्ट्राचा परिचय जुना आहे. अमेरिकन क्रांतीला आपल्या लेखणीने बळ देणाऱ्या टॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ जोतीराव फुले यांनी तरुणपणीच वाचला होता, आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना त्यांनी तो ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. या अर्पणात एक सूक्ष्म विवेक आहे. सर्व माणसे समान आहेत असे १७७६ साली लिहिणाऱ्या पुढाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी गुलाम राबत होते, आणि ती प्रथा संविधानाने रद्द होण्यास १८६५ साल उजाडावे लागले. जोतीरावांनी गौरव केला तो तत्त्व शब्दांत मांडणाऱ्यांचा नव्हे, तर ते तत्त्व स्वतःच्या देशबांधवांविरुद्ध उभे राहून आचरणात आणणाऱ्यांचा. पुढे १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला असता, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे म्हणून त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. नेमणूक सरकारची असली तरी बांधिलकी रयतेशी, हा आदर्श आजच्या प्रत्येक नगरसेवकाने डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे.

उल्हासनगराच्या बाबतीत तर नागरिकत्व या शब्दाला रक्तामांसाचा अर्थ आहे. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव लाभले. कॅम्प नंबर एक ते पाच ही ओळख आजही लोकांच्या तोंडी आहे. याच सुमारास दिल्लीस घटना समिती संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाची रचना करीत होती. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथे राहिलेल्यांना आपोआप, आणि त्यानंतर आलेल्यांना अर्ज करून नोंदणीने, अशा रीतीने विहित अटींवर या निर्वासितांना भारताचे नागरिकत्व मिळाले. मालमत्ता गमावून आलेल्या माणसाला धनिकाच्या बरोबरीचे एक मत पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत देणाऱ्या या प्रजासत्ताकाने, जी मजल गाठण्यास अमेरिकेला दीर्घ काळ लागला, ती आरंभीच गाठली.

तथापि प्राप्त झालेला हक्क जपला नाही तर तो कसा निसटतो, याचा अनुभव याच तीन नगरांनी नुकताच घेतला आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १ जून १९९३ पासून, नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची ठरली असून ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पुरी व्हावी, असा अनुच्छेद २४३-यू चा स्पष्ट दंडक आहे. असे असता, २०१५ साली निवडून आलेल्या अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर येथील नगरपरिषदांची मुदत २०२० साली, आणि २०१७ साली निवडून आलेल्या उल्हासनगर महानगरपालिकेची मुदत २०२२ साली संपली, तरी निवडणुका झाल्या नाहीत. प्रथम महामारी, नंतर इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा न्यायालयीन वाद, अशी कारणे येत गेली; अखेर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा हुकूम दिल्यावर अंबरनाथ व बदलापूर येथे डिसेंबर २०२५ मध्ये, आणि उल्हासनगरात १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले.

या मधल्या वर्षांत घरपट्टी व पाणीपट्टी नियमाने वसूल होत होती. परंतु तो पैसा कोठे खर्च व्हावा हे सांगणारा लोकांचा एकही प्रतिनिधी सभागृहात नव्हता. अधिकारी वर्ग कर्तव्यतत्पर नव्हता असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. दोष व्यवस्थेत होता. अर्थसंकल्प तयार करणारे प्रशासन, त्याला मंजुरी देणारी सर्वसाधारण सभा आणि खर्चाचे ठराव तपासणारी स्थायी समिती, या तिन्ही भूमिका प्रशासकाच्या एकाच मेजावर येऊन बसल्या. १७८७ साली अमेरिकेच्या संविधानाची घडी बसविताना मॅडिसनप्रभृती विचारवंतांनी ज्या गोष्टीचे भय सर्वाधिक बाळगले ती हीच, की सर्व अधिकार एका हाती एकवटले म्हणजे तो हात सज्जनाचा आहे किंवा नाही, एवढ्याच योगायोगावर प्रजेचे हित अवलंबून राहते.

दुसरे तत्त्व न्यायाच्या रीतीचे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत दोन बालिकांवर झालेल्या अत्याचाराची फिर्याद दाखल होण्यास विलंब लागला, आणि २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी रुळांवर उतरून रेल्वे वाहतूक दिवसभर रोखून धरली. तो संताप न्याय्य होता, आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली. पण आरोपीला तत्काळ फाशी द्या, अशी जी मागणी त्या गर्दीतून उठत होती, तिच्याविषयी थांबून विचार केला पाहिजे. २३ सप्टेंबर रोजी तो आरोपी पोलिसांच्या ताब्यात, त्यांच्याच गाडीत, गोळी लागून मरण पावला. काहींनी पेढे वाटले. परंतु खटल्यातून साक्षीपुराव्याने जे सत्य जगासमोर सिद्ध व्हावयाचे, त्यावर त्याच्यापुरता कायमचा पडदा पडला. ५ मार्च १७७० रोजी बोस्टन शहरात इंग्रज शिपायांच्या गोळीबारात पाच माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा त्या शिपायांचे वकीलपत्र घेतले ते जॉन ॲडम्स या स्वातंत्र्यवादी वकिलाने, आणि आठांपैकी सहा शिपाई निर्दोष सुटले, दोघे सदोष मनुष्यवधाचे अपराधी ठरले. हेच ॲडम्स पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. अत्यंत घृणास्पद अपराधाच्या आरोपीलाही चौकशीचा अधिकार असतो, तो त्याच्यावरील दयेपोटी नव्हे. उद्या निरपराध माणूस त्याच जागी उभा राहील तेव्हा त्याला वाचविणारी भिंत शाबूत असावी म्हणून. आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांनाही, अपराध सिद्ध होऊन न्यायालयाच्या मुखातून निकाल मिळणे, हाच पुरा न्याय आहे.

आता तिन्ही नगरांत लोकनियुक्त सभागृहे आली आहेत. परंतु मतदानाच्या दिवशी दिलेली संमती पाच वर्षांसाठी निश्चिंत होण्याचा परवाना नव्हे. अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरातून जाते. तिच्यात मिसळणारे सांडपाणी नगरांच्या हद्दी मानीत नाही, म्हणून दोन्ही ठिकाणच्या नागरिकांनी एकाच वेळी आपापल्या सभागृहास जाब विचारला तरच तिचा उद्धार संभवतो. साधने हाताशी आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कोणत्याही ठेक्याची कागदपत्रे मागता येतात. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित दाखले ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला आहे. तीन लक्षांवर लोकसंख्या असलेल्या नगरात प्रभाग समित्या असाव्यात असे संविधान सांगते. अर्थसंकल्प वाचणे, प्रभागाच्या वाट्याला किती रक्कम आली ते पाहणे, झालेल्या कामाची मोजमाप-वही मागणे आणि उत्तर न मिळाल्यास अपील दाखल करणे, ही कामे कंटाळवाणी आहेत हे खरे. पण वसाहतींतील व्यापाऱ्यांनी आणि पुण्याच्या जोतीरावांनी सत्तेला जो प्रश्न विचारला, तो आजच्या काळात याच अर्जांच्या रूपाने विचारला जातो, आणि जेथे तो विचारणारे नागरिक पुरेसे असतात, तेथेच निवडणूक लांबविण्याची अथवा हिशेब दडविण्याची हिंमत कोणत्याही सरकारला होत नाही.