द्रवनत्राचे पात्र आणि गोठ्यातील एकवीस दिवस

दिंडोरी तालुक्यात गाय माजावर आली म्हणजे वळूच्या शोधार्थ ती दुसऱ्या गावी हाकीत नेण्याचे दिवस आता बहुतांशी सरले आहेत. आता मोटारसायकलीला बांधलेले, दुधाच्या किटलीसारखे दिसणारे एक पात्रच गोठ्याच्या दारी येते. त्याचे बूच काढताच पांढरे धुके बाहेर पडते व पाहणारी मुले दोन पावले मागे सरतात. हे धुके विषारी नसून हवेतील बाष्पाचेच असते. आत असते ते द्रवनत्र. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग ज्या नत्रवायूचा, तोच अतिशय थंड करून द्रवरूपात आणलेला. त्याचे तापमान शून्याखाली १९६ अंश सेल्सिअस असते.

अशा थंडीत जिवंत पेशींचे सर्व व्यवहार थांबतात. मात्र नुसते गोठविले तर बर्फाच्या स्फटिकांनी शुक्रजंतू मरतात. यावरील उपाय १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स या शास्त्रज्ञांना सापडला. रेतात ग्लिसरीन मिसळल्यास शुक्रजंतू गोठूनही तग धरतात, असे त्यांना आढळून आले. पुढे १९५१ मध्ये गोठविलेल्या रेतापासून पहिले वासरू जन्मास आले. आज पाव मिलिलिटर रेत मावेल एवढ्या बारीक कांडीत साधारणपणे दोन कोटी शुक्रजंतू असतात. द्रवनत्राखाली ठेवलेली अशी कांडी अनेक वर्षे टिकते. वळू मरून गेला तरी त्याची संतती निपजू शकते. तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ, पावसाळी भागास मानवणाऱ्या डांगी जातीच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. मुसळधार पावसात टिकणारी तेलकट कातडी व टणक काळे खूर असलेली ही जात एकदा संकराने पुसली गेली, तर ती परत कोठून आणावयाची?

पात्राची रचना समजून घेणे इष्ट आहे. ॲल्युमिनियमच्या दोन भांड्यांपैकी एक दुसऱ्याच्या आत असते व मधल्या जागेत निर्वात पोकळी आणि उष्णतारोधक थर असतात. आतील भांडे केवळ मानेच्या नळीवर टांगलेले असते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर पात्र आदळले किंवा कलंडले तर मान दुखावते, पोकळी निकामी होते आणि द्रवनत्र भराभर उडून जाते. पात्राच्या अंगावर बाहेरून दंव साचलेले दिसले, की हे घडले असे समजावे. या पात्रांचा एक कारखाना नाशिकजवळच, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तो पूर्वी आय. बी. पी. कंपनीचा होता, २००७ मध्ये ती कंपनी इंडियन ऑइलमध्ये विलीन झाली.

पात्रातील द्रवनत्र रोज थोडे उडतेच. म्हणून नियमाने पट्टी आत बुडवून, तिच्यावर दंव कोठवर चढते ते पाहून पातळी मोजावी लागते. पातळी उतरली किंवा कांड्यांची डबी मानेच्या वर फार वेळ धरली, तर कांडी तापते. पुन्हा बुडविली तरी झालेले नुकसान भरून येत नाही. खरी अडचण पुढेच आहे. मेलेली कांडी व जिवंत कांडी डोळ्यांना अगदी सारखीच दिसतात. गाय भरली जाते, पैसे दिले जातात आणि तीन आठवड्यांनी ती उलटते. दोष गाईस दिला जातो. गाईचा माज साधारणपणे २१ दिवसांनी येतो. म्हणजे एका चुकीस तितक्या दिवसांचे वैरण, पेंड व लांबलेले वेत एवढी किंमत पडते. दोन वेळा असे घडले म्हणजे चांगली गाय बाजारात जाते, असेही होते.

पशुपालकाने कांडी ओळखण्यास शिकावे. तिच्यावर वळूचा क्रमांक, जात व तारीख छापलेली असते. ती वाचून नोंदवहीत लिहून ठेवावी. कांडी ३७ अंश कोमट पाण्यात सुमारे अर्धा मिनिट धरून, कोरडी पुसून लगेच वापरली जाते की नाही, तेही पाहावे. खिशात किंवा मुठीत चोळून वितळविलेली कांडी चालवून घेऊ नये. याबाबत विचारणे हा पशुधन पर्यवेक्षकाचा अपमान नव्हे. उलट, सोट दिसताच निरोप न धाडता दुसऱ्या दिवशी बोलावणारा पशुपालकही दोषी असतोच. सकाळी माज दिसला तर त्याच सायंकाळी आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी गाय भरून घ्यावी.

द्रवनत्राचा स्पर्श त्वचेस भाजल्याप्रमाणे इजा करतो. शिवाय एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. म्हणून पात्राचे तोंड घट्ट बंद करू नये व ते बंद खोलीत, विशेषतः झोपण्याच्या जागी, ठेवू नये. वास वा रंग नसलेला हा वायू खोलीतील प्राणवायू कमी करतो आणि माणसास त्याची जाणीव होण्यापूर्वीच शुद्ध हरपते. मुलांस धुक्याची गंमत दाखविण्यासाठी पात्र कोणाच्या हाती देऊ नये.