पकडीच्या बळावर परमुलखात बाजी

परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावात मातीवरचा कबड्डीचा सामना रंगला, की टाळ्या बहुधा चढाईला पडतात. निकाल मात्र पुष्कळदा पकड ठरविते. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद पटकाविले, ते याचेच उदाहरण. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत, म्हणजे घरच्या प्रेक्षकांसमोर, हाच संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ असा हरला होता.

चाळीस मिनिटांत प्रतिस्पर्ध्याला पंचवीस गुणांवर रोखणे केवळ ताकदीचे काम नव्हे. चढाईपटूला तीस सेकंद मिळतात. बचावफळीने उतावीळ न होता साखळी राखली, तर तो रिक्त हस्ते परततो. सलग दोन चढाया अशा वाया गेल्या, की तिसरीत गुण मिळवावाच लागतो. अन्यथा चढाईपटू बाद आणि बचावाला गुण. अशा वेळी त्याला आत शिरणे भाग पडते. कोपरारक्षक घोटा धरतो, मध्यरक्षक परतीची वाट अडवितो. पलटणचा इराणी पकडपटू मोहम्मदरेझा शादलुई याने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळविले. इतके गुण अन्य कोणालाही साधले नाहीत.

अर्थात, अस्लम इनामदारच्या संघाचे सारे श्रेय बचावाला देणे अन्यायाचे ठरेल. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण मिळविले होते. ती कमाई अखेरपर्यंत सांभाळण्याचे काम मात्र बचावफळीचेच होते.