आराखड्याचा फोटो: काय मोजावे, काय मोजू नये?

दहिसरहून चर्चगेटची लोकल पकडली की बोरिवली, कांदिवली, मग मालाड. मालाडच्या पश्चिमेला खारोडी आहे. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळसर दगड तिथला, हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाचा आराखडा १९१४ साली मंजूर झाला आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी ही २६ मीटर उंचीची कमान खुली झाली.

जुन्या इमारतींचे मूळ आराखडे घड्यांवर फाटतात, विटतात. म्हणून त्यांचे फोटो काढून जपून ठेवतात. पुढे डागडुजीच्या वेळी अभियंत्याच्या हाती पुष्कळदा हे फोटोच येतात. ते वाचताना चूक झाली, तर ती थेट दगडविटांत उतरते.

समजा, गेटवेचे दर्शनी चित्र १:१०० प्रमाणात काढले. कागदावर उंची २६ सें.मी. येईल. त्याचा फोटो निम्म्या आकारात छापला, तर ती १३ सें.मी. होईल, पण कोपऱ्यात लिहिलेले १:१०० मात्र तसेच राहील! त्यावर विसंबलात तर गेटवे १३ मीटरच भरेल. भूगोलातले अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण आठवा. रेषाप्रमाणाची पट्टी चित्राबरोबरच आक्रसते, म्हणून ती खरे सांगते. आराखड्याशेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढतात तो याचसाठी.

मात्र कॅमेरा तिरपा नको. कागदाची एक कड भिंगापासून ५० सें.मी. आणि समोरची ५५ सें.मी. अंतरावर असेल, तर जवळची कड ११ भाग आणि दूरची १० भाग लांब उमटेल. आयताचा समलंब चौकोन होईल आणि एकच पट्टी सगळीकडे चालणार नाही. आलेखाच्या कागदाचा मोबाईलने तिरपा फोटो काढा आणि चौकटी मोजून पाहा. लाकडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीला तर खोलीच असते. तिचा फोटो इमारतीचे रूप पाहायला चांगला, मापे घ्यायला नव्हे.

खरी गंमत रंगांची आहे. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४२ साली शोधलेल्या रीतीने पुढे आराखड्यांच्या निळ्या प्रती निघू लागल्या: निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा. सुरुवातीच्या फोटोच्या काचांना निळा-जांभळा प्रकाशच तेवढा 'दिसे'. निळी जमीन त्यांना जवळजवळ पांढऱ्या रेघांइतकीच उजळ भासे, आणि रेघा पुसट होत. सर्व रंग टिपणारी फिल्म आली तेव्हा उपाय सापडला. भिंगापुढे तांबडी काच धरली की निळी जमीन काळी पडते आणि रेघा लख्ख उठतात.

याच्या उलट अडचण अधिक घातक. आपल्याकडे आराखड्यात नवे बांधकाम तांबड्या रंगाने आणि पाडायचा भाग पिवळ्या रंगाने दाखवण्याची रीत आहे. तांबडा आणि पिवळा, दोन्ही रंग निळा प्रकाश शोषतात. त्यामुळे निळाच प्रकाश टिपणाऱ्या काचेवर दोन्ही काळपट उमटतात. बांधायची भिंत आणि पाडायची भिंत एकसारखी! फोटोत हरवलेला हा फरक कितीही मोठे भिंग लावले तरी परत मिळत नाही. अशा वेळी मूळ कागद शोधावा लागतो, नाहीतर फूटपट्टी घेऊन इमारतीतच जावे लागते.