जुनी डिस्क काढली, मशीन बसलं

नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं, सगळं नीट चाललं, म्हणून जुनी हार्ड डिस्क काढली. आणि मशीन म्हणतं, बूट डिव्हाइस नाही. लोक एसएसडीला दोष देतात. ती ठीक असते हो. आपण इन्स्टॉल करताना जुनी डिस्क जोडलेली होती, तिच्यावर साधारण १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन आधीच होतं. सेटअपने बूटच्या फाइली तिथेच ठेवल्या, विंडोज तेवढं नव्या डिस्कवर.

म्हणून आम्ही सांगतो, आधी मशीन बंद करून बाकीच्या डिस्क काढून ठेवा. यात दुसराही फायदा आहे. सेटअपमध्ये नुसतं डिस्क ०, डिस्क १ असं दिसतं, आणि घाईत भलतीच फॉरमॅट झाली की घरचे फोटो गेलेच.

आता हे होऊन बसलंच असेल, तर पुन्हा इन्स्टॉल नको. जुनी डिस्क परत जोडा. नव्या डिस्कवर थोडी जागा मोकळी करून फॅट३२मध्ये ईएफआय पार्टिशन करा, त्याला ड्राइव्हचं अक्षर द्या आणि बीसीडीबूट ही कमांड चालवून बूटच्या फाइली तिथे लिहून घ्या. मग जुनी काढून मशीन सुरू करा. सुरू झालं, तरच तिला पुसायचं.