चकमकीच्या दगडाची ओळख

भीमेच्या खोऱ्यातील करजगी हा काळ्या कातळाचा आणि काळ्या मातीचा मुलूख. तेथून शहाबाद-वाडीकडे गेले म्हणजे घरोघरी फरशीच्या रूपाने परिचित असलेला चुनखडक लागतो. त्यात मधूनमधून काळसर वा तपकिरी, विलक्षण कठीण अशा गाठी व पट्टे आढळतात. हा चर्ट होय. त्याच्याच काळ्या जातीला चकमक म्हणतात.

त्याची पारख सोपी आहे. चाकूच्या टोकाने चुनखडकावर ओरखडा उठतो. चर्टवर मात्र पोलादाचीच रेघ उमटते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने चुनखडक फसफसतो, शुद्ध चर्ट स्वस्थ राहतो. चर्ट फुटला, की शिंपल्यासारखा वक्र, गुळगुळीत पृष्ठभाग आणि धारदार कड दिसते. पोलादाच्या आघाताने त्यातून ठिणगी उडते असे वाटते. वस्तुतः ती खरवडल्या गेलेल्या पोलादाच्या तप्त कणाची असते.

हे सारे गुण सिलिकाचे. गारेचे अतिसूक्ष्म स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतून हा खडक बनतो. अनेक सागरांत सूक्ष्मजीवांच्या सिलिकामय सांगाड्यांपासून तो तयार झाला आहे. शहाबादचे खडक मात्र अशा जीवांहूनही प्राचीन मानले जातात. तेथे पाण्यात विरघळलेली सिलिका चुन्याच्या गाळात साचली आणि कित्येक ठिकाणी तिने चुन्याची जागा घेतली.

या खडकाचे मोल आदिमानवाने ओळखले होते. यादगीर जिल्ह्यातील हुणसगीच्या खोऱ्यात इसामपूर येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या यांनी १९९७ पासून उत्खनन केले. सिलिका मुरलेल्या चुनखडकाच्या लाद्या फोडून जेथे हातकुऱ्हाडी घडविल्या जात, असा कारखानाच तेथे उघडकीस आला. त्याचे वय सुमारे १२ लाख वर्षे ठरविण्यात आले आहे. पुढील युगांत चर्टची लहान पाती दख्खनभर प्रचारात आली.

खाणकाम, कालवे आणि जमिनीचे सपाटीकरण यांमुळे असे अवशेष झपाट्याने नाहीसे होतात. म्हणून शेताच्या बांधावर घडविलेला दगड दिसला, तर तो उचलून घरी नेणे इष्ट नव्हे. कपच्या कोणत्या थरात व कशाच्या शेजारी पडल्या आहेत, यावरूनच त्यांचा इतिहास वाचता येतो. जागेवरून हललेला दगड केवळ दगड उरतो. जागा टिपून ठेवावी आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे, यातच त्याचे खरे जतन आहे.