रुग्णालयाची रचना आणि लोकांची भाषा

रुग्णालयाची योजना आखताना स्थानिकांचे मत घ्यावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु ते मत कोणत्या प्रश्नातून प्रकट होते, याचा विचार क्वचितच होतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापिलेल्या ‘सर्च’ संस्थेने, आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांच्याच तोंडून जाणून घेतले. मोठ्या इमारतीचे भय वाटते. प्रेताला गुंडाळावयाचे पांढरे वस्त्र तेथे डॉक्टरांच्या अंगावर दिसते. आप्तांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, अशी उत्तरे आली. यांतील एकही उत्तर औषधोपचाराविषयी नव्हते. म्हणून शोधग्राम येथील रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे, आप्तांसह राहता येईल असे बांधले गेले व त्यास दंतेश्वरी देवीचे नाव लाभले. तात्पर्य, आराखड्यापूर्वी लोकांच्या भयाची भाषा समजून घेणे अगत्याचे ठरते. मागण्यांच्या यादीत ती सहसा उमटत नाही.