डबा आणि आतला ऐवज

जुळे सोलापुरातल्या माझ्या घरी एका लोखंडी ट्रंकेत अकरा वह्या आहेत. माझी आई, खाला आणि गावाकडच्या काही बायका यांच्या जात्यावरच्या ओव्या मी त्यांत उतरवून घेतल्या होत्या. जाती थांबली, म्हणणाऱ्या बहुतेक जणी गेल्या, आणि आता वह्यांची पाने घडीवर तुटू लागली आहेत. मी बी. ए. झालेला कवी. संगणकाशी माझा संबंध कविता टाइप करण्यापुरता. तरीही या ओव्या संगणकावर नीट ठेवायच्या असे ठरवले.

नीट म्हणजे कशा, याचा धडा आपल्याकडेच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांचा डेटाबेस झाला. २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ त्या ओव्या लोकांपुढे आणत आहे. लाखभर ओव्या नुसत्या एकाखाली एक लिहिल्या असत्या, तर हवी ती कोणाला सापडली असती?

१९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी एक साधी वाटणारी कल्पना मांडली. माहिती तक्त्यांत ठेवा आणि तक्ते एकमेकांशी खुणेने जोडा. माझ्या कामात एक तक्ता बायकांचा, एक गावांचा, एक ओव्यांचा. प्रत्येकीला क्रमांक. गावाचे नाव चुकले तर एकाच जागी दुरुस्त करायचे. आता एकच ओवी आई आणि खाला दोघींनी म्हटली असेल तर? त्यासाठी चौथा तक्ता, त्यात फक्त 'ही ओवी, ही बाई' अशा जोड्या. नातेवाईक जास्त असलेल्या घरात वाढलेल्या माणसाला हे पटकन कळते.

हे तक्ते सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. आम्ही पोस्टग्रेस घेतला, तो फुकट मिळतो. भाची सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. ती म्हणाली, "मामू, थेट मशीनवर नको, कंटेनरमध्ये टाकू." कंटेनर म्हणजे बंद डबा. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे सामान त्यात भरलेले. घरच्या बाकी संसाराशी त्याची भांडणे नाहीत, आणि नको झाला की उचलून टाकता येतो. २०१३ साली आलेल्या डॉकरने ही पद्धत घरोघर नेली. डॉकर आधी एक साचा उतरवून घेतो आणि त्या साच्यावरून हवे तितके डबे काढतो. पहिल्या वेळी पासवर्ड द्यावाच लागतो, नाहीतर पोस्टग्रेस उठायलाच तयार होत नाही. शिवाय डब्याला बाहेरून एक खिडकी ठेवावी लागते, पोर्ट क्रमांक ५४३२. ती आपल्याच मशीनपुरती उघडावी, गल्लीकडे नव्हे.

भाची पुण्याला परत गेली. मी महिनाभर रोज पहाटे ओव्या भरल्या. मग एक दिवस सर्व्हर काही केल्या चालेना, आणि मी शहाणपणा केला. डबा काढून टाकला आणि त्याच साच्यावरून नवा काढला. तो झकास चालला. फक्त तक्ते नव्हते. आईच्या दोनशेवर ओव्या तिथे नव्हत्या. वह्या होत्या, हे खरे. पण त्यातली कित्येक पाने मी टाइप करताना शेवटचीच उलगडली होती.

फोन केला. ती हसली नाही. "डब्बा फेंक दिए तो अंदर का भी जाताच ना, मामू." मग जरा थांबून म्हणाली, "ठहरो, देखती हूँ."

खरी समजण्याची गोष्ट इथे आहे. डबा बंद करून पुन्हा सुरू केला तर काही बिघडत नाही. काढून टाकला तर मात्र आत लिहिलेले त्याच्याबरोबर जाते. म्हणून माहिती डब्याबाहेर, व्हॉल्यूम नावाच्या जागेत ठेवतात. डबा भाड्याची खोली, व्हॉल्यूम आपली ट्रंक. आम्ही ट्रंक सांगितलीच नव्हती. पण पोस्टग्रेसचा अधिकृत साचा सावध असतो. तुम्ही सांगितली नाही तर तो आपली एक बिननावाची ट्रंक काढतो. नवा डबा आला की त्याची नवी ट्रंक, आणि जुनी कोपऱ्यात पडून राहते. 'साफसफाई'ची आज्ञा मी दिली असती, तर अशा बेवारस ट्रंका पुसल्या गेल्या असत्या. आळस कामी आला.

भाचीने दुरून माझ्या मशीनवर पाहिले. चौसष्ट अक्षरांचे अगम्य नाव असलेल्या दोन जागा होत्या. एक नवी, एक जुनी. जुनीतला मजकूर तिने नाव दिलेल्या व्हॉल्यूममध्ये हलवला, डबा त्याला जोडला, आणि पहिल्या तक्त्यात आईचे नाव दिसले. मी तेवढ्यावरच फोन ठेवला, पुढचे ऐकायचे राहिले.

पुढचे तिने दुसऱ्या दिवशी सांगितले. एक म्हणजे साच्याचा आवृत्ती-क्रमांक लिहून ठेवायचा, 'सगळ्यात नवा' असे मागायचे नाही. एका मोठ्या आवृत्तीने लिहिलेली ट्रंक पुढच्या मोठ्या आवृत्तीला सरळ उघडता येत नाही. दुसरे, पासवर्ड पहिल्याच वेळी मनावर घेतला जातो. भरलेल्या ट्रंकेवर नवा डबा ठेवून नवा पासवर्ड दिला तरी जुनाच चालतो. याने माझी एक सकाळ गेली. आणि तिसरे, ट्रंकही त्याच डिस्कवर असते. डिस्क गेली की दोन्ही गेले. म्हणून सगळ्या तक्त्यांची एक प्रत 'पीजी-डंप' या आज्ञेने काढून वेगळ्या जागी ठेवायची. सोलापूरकराला पाणी भरून ठेवायला शिकवावे लागत नाही, पण ही साठवण मला शिकावी लागली.

आता दर जुम्म्याला नमाजहून आल्यावर ती प्रत पेन ड्राइव्हवर घेतो. पेन ड्राइव्ह ठेवतो त्या लोखंडी ट्रंकेत, वह्यांशेजारी. सहा वह्या झाल्या, पाच राहिल्यात. सातवीत खालाच्या ओव्या आहेत.